मॉनिटर दोन सेकंद दिसतो आणि काळा होतो: वॉरंटीनंतर पुन्हा पुन्हा येणारा कपॅसिटरचा बिघाड

बटण दाबलं की दिवा लागतो, कंपनीचं चिन्ह क्षणभर दिसतं आणि पडदा काळा. बंद-चालू केलं की परत तेच. काही मॉनिटरमध्ये दिवा नुसताच लुकलुकतो आणि आतून बारीक टिकटिक ऐकू येते. काही सकाळी पंधरा-वीस मिनिटं उठतच नाहीत, पण एकदा उठले की दिवसभर बिनतक्रार चालतात. तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: आतल्या पॉवर सप्लायमधले, म्हणजे भिंतीतली वीज मॉनिटरला लागेल तशी करून देणाऱ्या बोर्डावरचे, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थकलेले असतात. कपॅसिटर म्हणजे वीज क्षणभर साठवून ती एकसारखी ठेवणारा भाग. पॅनेल, मेन बोर्ड, काच, सगळं शाबूत असतं.

ज्यांचा मॉनिटर अजून एकदाही उघडलेला नाही त्यांना हा मजकूर उपयोगी पडेलच. पण ज्यांचा एकदा 'कपॅसिटर बदलून' आला आणि वर्षभरात परत तसाच बसला, त्यांनी तो शेवटपर्यंत वाचावा. दुरुस्ती टिकत नाही याची कारणं ठरलेली आहेत आणि ती टाळता येतात.

वॉरंटी संपल्यावरच का?

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी, मध्ये कागद आणि कागदात मुरलेला द्राव. तळाशी रबराचं बूच असतं. त्या बुचातून द्राव वर्षानुवर्षं अगदी सूक्ष्म प्रमाणात उडत राहतो आणि उष्णता वाढली की उडण्याचा वेगही वाढतो. द्राव कमी झाला की कपॅसिटरच्या पोटातला रोध, म्हणजे ईएसआर, चढतो. रोध चढला की तो काम करताना स्वतःच जास्त तापतो आणि द्राव आणखी लवकर आटतो. म्हणून पहिली तीन-चार वर्षं काहीच जाणवत नाही आणि मग दोन-तीन महिन्यांत मॉनिटर कोसळतो.

हिशोब साधा आहे. कपॅसिटरच्या अंगावर १०५ अंश लिहिलेलं असतं आणि त्या तापमानाला त्याचं आयुष्य किती तासांचं, ते उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. स्वस्त मालात ते बहुधा २००० तास असतं. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. आता सोलापूरचा उन्हाळा धरा. बाहेर ४२-४३ अंश, दुकानात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये जवळजवळ तेवढेच. मॉनिटरच्या बंद पाठीमागे त्यात वीस-पंचवीस अंशांची भर पडते, आणि हीट सिंकला (उष्णता शोषून बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) चिकटून बसलेल्या कपॅसिटरला आणखी दहाची. म्हणजे तो ७५ अंशांवर काम करतो. १०५ पासून तीन पायऱ्या खाली, म्हणजे २००० ची आठपट, १६००० तास. रोज आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस वापर असेल तर साडेसहा वर्षं होतात. पाठीमागच्या जाळ्या सुताच्या तंतूंनी बुजल्या आणि आतलं तापमान दहा अंशांनी वाढलं, तर राहतात ८००० तास. म्हणजे तीन वर्षं आणि वर चार महिने. तीन वर्षांची वॉरंटी नुकतीच संपलेली असते.

हाच मॉनिटर कारखान्यात सीसीटीव्हीसाठी चोवीस तास चालू असेल तर वर्षाला ८७६० तास खर्च होतात. ८००० तास अकरा महिन्यांत उडतात. वर्षभर मे महिना नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात आयुष्य याहून थोडं जास्त मिळतं; पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमधले मॉनिटर घरातल्या मॉनिटरपेक्षा इतके लवकर का जातात, ते या आकड्यांवरून कळतं. काही बोर्डांवर तर ८५ अंशांचेच कपॅसिटर लावलेले सापडतात. त्यांचं आयुष्य सरळ वरच्या आकड्याच्या चौथाईच धरा.

कंपनी मुद्दाम वॉरंटीनंतर बिघडेल असा माल बनवते का, असा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. त्याची गरजच नसते. ५ व्होल्टच्या लाइनवर १६ चा कपॅसिटर लावण्याऐवजी १० चा लावायचा, ५००० तासांचा घेण्याऐवजी २००० चा घ्यायचा, आणि पातळ मॉनिटर हवा म्हणून तो हीट सिंकच्या कुशीत आडवा झोपवायचा. एवढी काटकसर पुरते. वापरणाऱ्याला त्याची किंमत पूर्ण मॉनिटरएवढी मोजावी लागते, ही खरी तक्रार आहे.

जुन्या मॉनिटरच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या अनेक कपॅसिटरमध्ये पाण्याचं प्रमाण जास्त आणि अॅल्युमिनियमला जपणारी रसायनं अपुरी असा द्राव भरला गेला. आत हायड्रोजन वायू तयार व्हायचा आणि डोकं फुगून फाटायचं. जगभरचे मदरबोर्ड आणि मॉनिटर त्यात गेले. तेव्हापासून 'फुगलेला दिसला तरच खराब' ही समजूत रुजली, आणि आज तीच सगळ्यात जास्त नडते. आताचे कपॅसिटर बहुतेक न फुगता, आतल्या आत सुकून मरतात. वरून ते नव्यासारखे दिसतात.

उघडण्याआधी लक्षणं नीट बघा

आधी भिंतीकडची बाजू तपासा. दुसरी कॉर्ड, दुसरा सॉकेट. मॉनिटरला बाहेरचा अडॅप्टर असेल तर संशयित आधी तोच, कारण कपॅसिटर त्याच्यातही असतात आणि त्याला तर जाळीही नसते. अडॅप्टर मोकळा असताना मल्टिमीटरवर १९ किंवा १२ व्होल्ट बरोबर दाखवेल आणि मॉनिटरचं ओझं पडताच बसेल. म्हणून व्होल्टेज मॉनिटर जोडलेला असताना मोजा, किंवा तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि तीच पिन व तीच पोलॅरिटी (प्लस-मायनसची बाजू) असलेला दुसरा अडॅप्टर लावून बघा. बरेच 'बिघडलेले' पातळ मॉनिटर इथेच सुटतात.

पडदा काळा झाल्यावर मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. चित्र अंधूक दिसत असेल तर मेन बोर्ड आणि पॅनेल चालू आहे, फक्त बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, विझला. दोन सेकंदांत काळा होण्यामागे हेच असतं. बॅकलाइट पेटताना अचानक मोठं ओझं पडतं, थकलेल्या कपॅसिटरमुळे १२ ते १८ व्होल्टची लाइन खाली बसते आणि बॅकलाइटचं संरक्षण सर्किट त्याला बंद करतं.

थंडीत उशिरा उठणं ही कपॅसिटरची सगळ्यात पक्की खूण. द्राव थंड असला की त्याचा रोध आणखी जास्त असतो आणि गरम झाला की उतरतो. म्हणून सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या सकाळी, मॉनिटर अर्धा तास घेतो आणि एप्रिल आला की 'आपोआप बरा' होतो. तो बरा झालेला नसतो. पुढच्या हिवाळ्याची वाट न बघता तेव्हाच उघडावा.

आणखी एक प्रकार फार फसवतो. मॉनिटर महिनोन् महिने नीट चालतो, एके दिवशी लाइट जाते, परत येते आणि मॉनिटर उठतच नाही. सगळे म्हणतात, व्होल्टेज वाढून जळाला. बऱ्याचदा तसं नसतं. पॉवर सप्लाय चालवणाऱ्या आयसीला (चिपला) सुरुवातीची वीज पुरवणारा एक छोटा कपॅसिटर असतो, बहुधा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा. तो सुकलेला असला तरी एकदा चालू झालेला सप्लाय चालत राहतो. बंद होऊन पुन्हा सुरू करायची वेळ आली की त्याची ताकद पुरत नाही. आयसी उठायला बघते, बसते, पुन्हा उठायला बघते. टिकटिक येते ती त्याचीच. मोठे कपॅसिटर बदलूनही मॉनिटर मेलेलाच राहिला तर बहुतेक वेळा हा छोटा बदलायचा राहून गेलेला असतो.

चित्रात आडव्या लाटा आणि हलकी थरथर असेल तर तेही कपॅसिटरचंच. पण उभ्या रंगीत रेघा, अर्धा पडदा पांढरा, एका कडेला काळा पट्टा, असं असेल तर ती पॅनेलची पट्टी सुटलेली असते. त्यासाठी पॉवर सप्लाय उघडून काही मिळणार नाही.

उघडताना

मॉनिटर तोंडाच्या बाजूने धुतलेल्या टॉवेलवर किंवा चार पदरी घडी केलेल्या चादरीवर पालथा ठेवा. चादरीखाली खडा, स्क्रू काही नाही ना, ते हात फिरवून बघा. स्टँडचे स्क्रू काढल्यावर कडेची फ्रेम बहुधा नुसत्या खिट्ट्यांवर असते. खालच्या कडेपासून सुरुवात करून जुनं प्लास्टिकचं कार्ड फटीत घालत जा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातला की फ्रेमही जाते आणि कधी पॅनेलची कडही. बटणांच्या पट्टीची वायर बारीक असते, फ्रेम झटक्याने उचलू नका. बॅकलाइटच्या गुलाबी-पांढऱ्या वायरींचे सॉकेट टोपीला धरून ओढा, वायरला नाही. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो घ्या. बोर्डाचा एक फोटो कपॅसिटरचे पट्टे कुठल्या बाजूला आहेत ते दिसेल असा जवळून घ्या. पुढे त्याचीच सगळ्यात जास्त गरज पडते.

आता जिवाची गोष्ट. मेनच्या, म्हणजे भिंतीकडून वीज येते त्या, बाजूला एक जाडजूड कपॅसिटर असतो, ८२ ते १५० मायक्रोफॅरड, ४०० किंवा ४५० व्होल्टचा. २३० व्होल्टची लाइन तिथे ३२५ व्होल्ट डीसी होते. चालू मॉनिटरचा प्लग काढला तर तो बहुतेक रिकामा होतो. पण मेलेल्या सप्लायमध्ये ती वीज ओढणारं कुणी नसतं, त्यामुळे प्लग काढल्यावरही तो बराच वेळ भरलेला राहतो. म्हणजे जो मॉनिटर अजिबात चालू होत नाही तोच जास्त धोक्याचा. स्क्रू ड्रायव्हरने दोन टोकं टेकवून 'ठो' करणं सर्रास चालतं. त्यात बोर्डाची पट्टी उडते आणि डोळ्यात ठिणगी जाऊ शकते. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही पायांना चांगल्या रबरी वायरी जोडून टोकांना प्रोब लावा आणि कपॅसिटरच्या दोन पायांवर दहा सेकंद धरा. मग मल्टिमीटरने मोजा. पाच-दहा व्होल्टच्या खाली असेल तरच हात घाला. थोड्या वेळाने काही व्होल्ट पुन्हा वर आलेले दिसले तर घाबरू नका, परत एकदा रेझिस्टर धरा.

या बाजूला व्होल्टेज मोजायचं झालं तर मीटरची काळी प्रोब त्याच जाड कपॅसिटरच्या निगेटिव्ह पायावर हवी. पत्र्याच्या शील्डवर ठेवून मोजलेला आकडा चुकीचा येतो आणि धोकाही असतो. ज्यांनी मेनच्या बाजूचं काम आधी केलेलं नाही त्यांनी बोर्ड बाहेर काढण्यापर्यंतच थांबावं आणि पुढचं काम जाणत्याकडून करून घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही.

कोणता खराब, ते ओळखणं

डोक्यावरची रेघ किंचित जरी वर आलेली असेल तर कपॅसिटर बाद. बोट फिरवलं की कळतं. चांगल्याचं डोकं सपाट किंवा जरासं खोल असतं. तळातून तपकिरी ओल आली असेल तर बाद. मात्र कारखान्यातच लावलेला पिवळट डिंक आणि गळलेला द्राव यांत गल्लत करू नका. अर्थात हा डिंकही निष्पाप नाही. वर्षानुवर्षं तापून तपकिरी-काळा झाला की तो वीज वाहू लागतो आणि तांबं खातो. असा डिंक प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढाच.

मापनासाठी साध्या मल्टिमीटरवर भिस्त ठेवू नका. अनेक मीटर २०० मायक्रोफॅरडच्या वर मोजतच नाहीत, आणि मोजलं तरी मायक्रोफॅरड बरोबर आणि ईएसआर दहापट, असे कपॅसिटर भरपूर भेटतात. सप्लाय ६० ते १०० किलोहर्ट्झच्या आसपास काम करतो, त्यामुळे स्वस्त मीटरच्या एसी रेंजवर तरंग, म्हणजे डीसी लाइनवरची व्होल्टेजची बारीक थरथर, नीट दिसत नाही. आकडा शून्य आला म्हणजे लाइन स्वच्छ आहे असं नाही. ईएसआर मीटर, किंवा छोट्या पडद्याचा ट्रान्झिस्टर टेस्टर मिळतो तो, कामाला येतो. टेस्टरला कपॅसिटर लावण्याआधी कपॅसिटरचे दोन्ही पाय रेझिस्टरने जोडून तो रिकामा करा, नाहीतर टेस्टरच जातो.

१००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या चांगल्या लो ईएसआर कपॅसिटरचा आकडा ०.०५ ओहमच्या आत असतो. ०.३ च्या वर गेला तर काढा. ५० व्होल्टच्या २२ मायक्रोफॅरडवाल्याचा नवा असताना एक ओहमच्या आसपास किंवा खाली येतो. पाच ओहमच्या वर दिसला तर तोच गुन्हेगार. मीटर नसेल तर हेअर ड्रायरची जुनी युक्ती आहे: मॉनिटर बंद, प्लग काढलेला, आणि मागच्या जाळीतून दोन-तीन मिनिटं गरम हवा. मग प्लग लावून चालू करा. गरम झाल्यावर लगेच उठला तर कपॅसिटरचंच दुखणं. उघड्या बोर्डावर, वीज चालू असताना ड्रायर मारू नका.

नवा घेताना: दुरुस्ती इथेच टिकते किंवा फसते

काउंटरवर जाऊन 'हजार-पंचवीस द्या' एवढंच म्हटलं तर दुकानदार साधा कपॅसिटर देतो. तो अॅम्प्लिफायरला किंवा चार्जरला चालतो. मॉनिटरच्या स्विचिंग सप्लायमध्ये त्याचा ईएसआर जास्त पडतो, तो तापतो आणि पुढचा उन्हाळा काढत नाही. 'तोच मॉनिटर वर्षात परत आला' या तक्रारीचं पहिलं कारण हेच. तीन गोष्टी मागा: लो ईएसआर, १०५ अंश, आणि ५००० तास किंवा त्याहून जास्त. पॅनासॉनिकची एफआर किंवा एफएम, निचिकॉनची एचई किंवा पीडब्ल्यू, रुबिकॉनची झेडएल घराण्यातली कुठलीही सीरिज चालते. निप्पॉन केमिकॉनचेही चांगले.

सोलापूरच्या नवी पेठेत विचारून बघा. नेमकी सीरिज मिळाली नाही तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणाऱ्या कुणाला पासोड्या विठोबाजवळच्या बुधवार पेठेतल्या दुकानांतून आणायला सांगा, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा. चांगला कपॅसिटर साध्याच्या तिप्पट-चौपट किमतीचा असला तरी पूर्ण बोर्डाचे मिळून खर्च मॉनिटरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. इथे पैसे वाचवू नका.

नावावरही आंधळा विश्वास नको. जुन्या कपॅसिटरवर नवं प्लास्टिक चढवून मोठ्या नावाने विकलेला माल बाजारात असतो. हातात घेऊन बघा: छपाई पुसट, कव्हर सैल किंवा वाकडं कापलेलं, वजन संशयास्पद हलकं असेल तर परत करा. टेस्टर सोबत न्या आणि तिथेच ईएसआर बघा.

माप असं निवडा. मायक्रोफॅरड तेवढेच, फार तर पुढची एक पायरी. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. ५ व्होल्टच्या लाइनवर १० चा होता तर १६ चा, १२-१४ च्या लाइनवर १६ चा होता तर २५ चा बेधडक लावा. जागेचं बघा: ८ मिलिमीटर व्यासाच्या कपॅसिटरचे पाय ३.५ मिलिमीटर अंतरावर असतात, १० मिलिमीटरवाल्याचे ५ वर. उंची जास्त झाली आणि मागचं कव्हर त्याच्यावर टेकलं तर पुढे अडचण होते. घन पॉलिमरचे कपॅसिटर ईएसआरला उत्तम आहेत, पण मेन बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या छोट्या तीन पायांच्या रेग्युलेटरच्या आउटपुटला ते डोळे झाकून लावू नका. त्यातल्या काहींना थोडा ईएसआर लागतोच. तो मिळाला नाही की रेग्युलेटर अस्थिर होतो.

बदलणं

फक्त फुगलेला बदलायचा नाही. एकाच उष्णतेत, एकाच वर्षी बसवलेले सगळे भाऊच आहेत. एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत आहेत. सेकंडरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरनंतरच्या कमी व्होल्टच्या, बाजूचे सगळे, आणि आयसीजवळचा तो छोटा ५० व्होल्टवाला, एकदमच बदला. मेनचा जाडजूड कपॅसिटर सहसा चांगला असतो. मोजून बरोबर आला तर राहू द्या. एलईडी बॅकलाइटच्या मॉनिटरमध्ये बॅकलाइटच्या सर्किटजवळ ६३ किंवा १०० व्होल्टचा एक कपॅसिटर वेगळा असतो, तोही विसरू नका.

बोर्ड बहुधा एका बाजूचा, कागदी जातीचा असतो आणि त्याच्या तांब्याच्या चकत्या जास्त उष्णतेने चटकन सुटतात. सोल्डरिंग आयर्नचं टोक ३५० अंशांच्या आसपास ठेवा. आधी जुन्या टाक्यावर थोडं नवं ६०/४० कथील वितळवा. कंपनीचं शिसेविरहित कथील साधारण २१७ अंशांना वितळतं, आपलं १९० च्या आतच. दोन्ही मिसळलं की काम सोपं होतं. मग कथील ओढायच्या पंपाने ओढा. पाय निघत नसेल तर जोर लावू नका; आळीपाळीने दोन्ही पाय गरम करत कपॅसिटर हलकेच डोलवत बाहेर काढा.

पोलॅरिटी: कपॅसिटरवरचा पट्टा म्हणजे निगेटिव्ह. बोर्डावर बहुतेक वेळा वर्तुळाची रंगवलेली अर्धी बाजू निगेटिव्ह असते, पण सगळ्या कंपन्या तसं छापत नाहीत. म्हणून आधी काढलेला फोटो बघूनच बसवा. उलटा बसला तर चालू करताच फुटतो. जो कपॅसिटर हीट सिंकला चिकटलेला होता त्याला शक्य असेल तर पाय थोडे लांब ठेवून दोन-तीन मिलिमीटर दूर झुकवा. एवढ्या अंतराचाही आयुष्यात फरक पडतो. ट्रान्सफॉर्मर आणि सॉकेटच्या पायांचे टाके भिंगातून बघा. भोवती बारीक गोल चीर दिसली तर नवं कथील द्या.

पहिल्यांदा चालू करताना थेट सॉकेटला लावू नका. सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे विजेच्या वाटेत बल्ब जोडलेला बोर्ड; त्यात ६० वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद. मंद झाल्यावर सरळ सॉकेटवर घ्या, ५ व्होल्टची लाइन मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी, आणि बॅकलाइट पेटताना खाली बसता कामा नये. नंतर पूर्ण पांढरा पडदा, ब्राइटनेस १०० वर, एक तास. पहिल्या तासात टिकला तर काम बहुतेक पक्कं.

कपॅसिटरचे नसलेले दोन बिघाड

फ्यूज उडून काचेच्या आत काळं झालं असेल तर कपॅसिटर बदलून भागणार नाही. मागे शॉर्ट झालेला असतो: ब्रिज (एसीची डीसी करणारा भाग), मॉसफेट (वीज वेगाने चालू-बंद करणारा भाग) किंवा व्होल्टेज वाढल्यावर स्वतः जळून बाकीच्याला वाचवणारी व्हॅरिस्टरची चकती. कारखान्याच्या तीन फेजच्या लाइनमध्ये न्यूट्रल सैल झाला की एखाद्या फेजवर व्होल्टेज बेसुमार चढतं. २८३ व्होल्ट एसीच्या वर गेलं की ४०० व्होल्टचा मेन कपॅसिटर मर्यादेबाहेर जातो. असे दोन-तीन मॉनिटर एकाच दिवशी गेले असतील तर आधी वायरमनला बोलवा आणि न्यूट्रलचा जोड तपासा, मग मॉनिटरला हात लावा. नाहीतर दुरुस्त केलेलाही त्याच आठवड्यात जाईल.

बॅकलाइटसाठी ट्यूब असलेला जुना मॉनिटर असेल, आणि कपॅसिटर बदलूनही दोन सेकंदांत काळाच होत असेल, तर ट्यूब म्हातारी झालेली असते किंवा ट्यूबला जास्त व्होल्ट पुरवणाऱ्या इन्व्हर्टर सर्किटच्या ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी तुटलेली असते. चालू होताना पडदा तांबूस दिसतो ही ट्यूब संपत आल्याची खूण. तिथे पैसे घालू नका.

दुरुस्तीनंतर

जाळ्या साफ नसतील तर वरचा सगळा हिशोब पुन्हा सुरू होतो. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात उडणारे तंतू पावसाळ्यात ओल धरतात आणि बोर्डावर चिकटून बसतात. ट्यूबवाल्या मॉनिटरच्या इन्व्हर्टरमध्ये हजार व्होल्टच्या घरात एसी असते; तिथे असा बुरा साचला की ठिणगी पडून तो जळतोसुद्धा. शेडमधल्या मॉनिटरच्या जाळ्या दर दोन महिन्यांनी मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा, घरी वर्षातून एकदा पुरतं. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर एक हात अंतरावरून. त्या हवेत पाणी आणि तेलाचे थेंब असतात. धूळ नको म्हणून मॉनिटरला मागून प्लास्टिकची पिशवी घालतात, ती मात्र ताबडतोब काढा. धूळ थांबते, पण आतली उष्णता दुप्पट वेगाने कपॅसिटर खाते.

ब्राइटनेस १०० वरून ६० वर आणा. सीसीटीव्हीच्या पडद्याला एवढा उजेड पुरतो आणि पॉवर सप्लायवरचा भार स्पष्ट कमी होतो. रात्री मॉनिटर नुसता झोपवू नका, भिंतीवरचं बटण बंद करा. झोपलेल्या मॉनिटरमध्येही मेनची बाजू आणि तो छोटा ५० व्होल्टवाला रात्रभर कामावर असतो. मॉनिटर भिंतीला चिकटवून टांगलेला असेल तर मागे किमान चार बोटं जागा सोडा आणि खिडकीतून दुपारचं ऊन पाठीवर पडत नाही ना, ते बघा.

शेवटी मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, बदललेल्या कपॅसिटरची मापं आणि सीरिज लिहून ठेवा. पुढच्या वेळी जो कुणी उघडेल त्याला काय बसवलं होतं ते शोधत बसावं लागणार नाही, आणि पाच वर्षांच्या आत परत आला तर माल खोटा निघाला की उष्णता जास्त होती, तेही त्या तारखेवरून कळेल.